बुलेटचं टायमिंग कुठल्या टोकाला लावायचं?

लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेट 350च्या दुरुस्ती-पुस्तकात टायमिंगबद्दल एकच ओळ महत्त्वाची असते: पूर्ण रिटार्ड अवस्थेत पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, 0.8 मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडून ठिणगी पडायला हवी. हा आकडा खरा आहे. 1955 साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची एनफील्ड कंपनी यांनी हातमिळवणी केली, तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं या इंजिनाचा मूळ सांगाडा बदलला नाही. त्यामुळे पॉइंटवाल्या बुलेटांचे मेकॅनिक आजही याच आकड्यावर टायमिंग लावतात. माझा आक्षेप आकड्याला नाही. आक्षेप आहे तो काम तिथेच संपवण्याला. पूर्ण रिटार्ड म्हणजे किक मारतानाची आणि स्लोवर उभ्या गाडीची अवस्था. रस्त्यावर धावणारं इंजिन जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या टोकाला, पूर्ण ॲडव्हान्सवर असतं. पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या गाडीत पहिलं टोक बरोबर आहे म्हणून दुसरंही बरोबर असेल, असं धरून चालता येत नाही. टायमिंग लावायचं तर ते इंजिन जिथे राबतं त्या टोकाला तपासून लावावं, आणि रिटार्डचं टोक त्यानंतर पडताळून पाहावं.

ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी का द्यायची, इथून सुरुवात करू. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम फुटत नाही, ते जळत जातं. प्लगपाशी एक लहानसा गोळा पेटतो, तो स्थिरावायला थोडा वेळ घेतो, मग ज्योत सिलिंडरभर पसरते. या जळण्यातून येणारा दाब पिस्टन माथा ओलांडून साधारण पंधरा अंश खाली आला असताना शिगेला पोचला, तर क्रँकला सगळ्यात जास्त जोर मिळतो. आधी शिगेला पोचला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तो दाब अडवतो, उशिरा पोचला तर पिस्टन आधीच पळून गेलेला असतो आणि उरलेली आच सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जाते. आता हिशेब पाहा. मिनिटाला 900 फेऱ्यांच्या स्लोवर क्रँक सेकंदाला 5400 अंश फिरतो. बुलेटचा बोअर 70 आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर. कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या साधारण दुप्पट लांबीचा धरला, तर 0.8 मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साडेनऊ-पावणेदहा अंश होतात. स्लोवर हे अंतर कापायला सुमारे 1.8 मिलिसेकंद लागतात. हेच साडेनऊ अंश 3500 फेऱ्यांवर अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत संपतात. वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्योतही जलद पसरते, हे खरं. पण पहिला गोळा पेटून स्थिरावण्याचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते.

ते काम बुलेटमध्ये ऑटो ॲडव्हान्स करतो. सिलिंडरच्या मागे उजव्या अंगाला असलेलं गोल झाकण काढलं की पॉइंटची प्लेट दिसते, आणि तिच्या आड ही लहानशी यंत्रणा असते: दोन वजनं, दोन बारीक स्प्रिंगा, आणि शाफ्टवर मर्यादेत फिरू शकणारा कॅम. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅमला त्याच्याच फिरण्याच्या दिशेने थोडं पुढे ढकलतात. पुढे गेलेला कॅम पॉइंट आधी उघडतो. ठरावीक वेगाला वजनं आपल्या अडथळ्याला टेकतात आणि तिथून पुढे ॲडव्हान्स वाढत नाही. चार-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते, म्हणून हा कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. ही गोष्ट सतत लक्षात ठेवायला हवी, कारण इथली प्रत्येक चूक क्रँकवर दुप्पट होते. कॅम एक अंश सरकला की टायमिंग दोन अंशांनी बदलतं. प्लेटची त्रिज्या 30 मिलिमीटर धरली, तर तिच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची हालचाल म्हणजे क्रँकचे जवळपास दोन अंश. स्क्रू आवळताना प्लेट एवढी तर सहज सरकते.

टायमिंग पूर्ण ॲडव्हान्सला लावावं, हा काही नवा विचार नाही. इंग्लंडच्या कारखान्यांनीच पुढे तो स्वीकारला. नॉर्टन कमांडोसाठी 28 अंश आणि ट्रायम्फच्या 650 सीसी बॉनव्हिलसाठी 38 अंश हे दिलेले आकडे पूर्ण ॲडव्हान्सचेच आहेत. या गाड्यांवर रोटरला खूण असते आणि स्ट्रोब दिव्याच्या उजेडात, चालू इंजिनावर, ती खूण जागेवर आणायची असते. दोन सिलिंडरांच्या, जास्त कॉम्प्रेशनच्या, जोरात पळणाऱ्या या इंजिनांत वरच्या टोकाची चूक पिस्टनचा माथा वितळवू शकत होती. सौम्य स्वभावाच्या बुलेटला खालच्या टोकाचं माप पुरेसं मानलं गेलं, आणि नव्या गाडीत ते पुरेसं होतंही. कारखान्यातून आलेल्या युनिटमध्ये दोन टोकांतलं अंतर ठरलेलं असे. एक टोक बांधलं की दुसरं आपोआप बांधलं जाई. सगळी अडचण या ‘आपोआप’मध्ये आहे. आपल्याकडे पॉइंटवाल्या गाड्यांचा दुसरा मोठा अनुभव लॅम्ब्रेटा, बजाजच्या जुन्या स्कूटर, राजदूत यांचा. त्या दोन-स्ट्रोक गाड्यांत फ्लायव्हील मॅग्नेट असतो, ठिणगीची वेळ कायम असते, पॉइंटची प्लेट एकदा लावली की सगळ्या वेगांना तेच टायमिंग. तिथे एक आकडा खरोखरच पुरतो. ती सवय बुलेटच्या बाबतीतही हाताला लागली असावी. पण बुलेटला दोन टोकं आहेत.

वरच्या टोकाला मापणं अधिक अचूकही असतं, आणि हे भूमितीवरूनच दाखवता येतं. माथ्याजवळ पिस्टन जवळजवळ थबकलेला असतो. टीडीसीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच अंश क्रँक फिरला तरी पिस्टन जेमतेम 0.05 मिलिमीटर हलतो, म्हणजे एका केसाच्या जाडीइतका. टीडीसीपासून थोडं खाली, 0.8 मिलिमीटरच्या खुणेपाशी, तो दर अंशाला सुमारे 0.16 मिलिमीटर सरकतो. तिथे मापण्यात 0.1 मिलिमीटरची चूक झाली तर टायमिंग अर्ध्या अंशाहून जास्त चुकतं. आता 30 अंशांपाशी या. तिथे पिस्टन माथ्याच्या सुमारे साडेसात मिलिमीटर खाली असतो आणि दर अंशाला जवळपास अर्धा मिलिमीटर सरकतो. तीच 0.1 मिलिमीटरची चूक इथे एक पंचमांश अंशाचीच होते. हात तोच, साधन तेच, आणि अचूकता तिप्पट. त्यात बुलेटचा प्लग तिरका बसतो. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घालून वर-खाली मापणाऱ्याला सरळ उंची मिळत नाही. तिरक्या वाटेने सरकणारा स्पोक खऱ्यापेक्षा जास्त अंतर दाखवतो. म्हणजे स्पोकवर 0.8 भरलं तेव्हा पिस्टन प्रत्यक्षात 0.8 खाली आलेलाच नसतो, आणि टायमिंग नकळत रिटार्डकडे झुकतं. म्हणून स्पोकपेक्षा अंशांची चकती बरी. क्रँकला चकती लावायची, प्लगच्या भोकात पिस्टनला माथ्याच्या आधी अडवेल असा बोल्ट बसवायचा, इंजिन हलक्या हाताने दोन्ही दिशांनी त्या अडथळ्याला टेकवायचं, दोन्ही आकडे लिहायचे, आणि दोघांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. पिस्टन कुठे थबकला याचा अंदाज या पद्धतीत करावाच लागत नाही.

आता जुन्या युनिटचं काय होतं ते पाहू. वजनांच्या पिना झिजतात आणि भोकं लांबट होतात. वजनं जिथे टेकायची तो पत्रा घासून मागे जातो. स्प्रिंगा सैल पडतात, कधी एखादी तुटते. जुनं ग्रीस वाळून घट्ट होतं आणि कॅम शाफ्टवर जखडतो. यातल्या पहिल्या दोन दोषांनी ॲडव्हान्सचा पल्ला वाढतो. समजा, नव्या युनिटचा पल्ला कॅमवर 11 अंश होता, म्हणजे क्रँकवर 22. झिजेने तो कॅमवर 14 झाला. खालचं टोक पुस्तकाप्रमाणे 0.8 मिलिमीटरवर चोख लावलं, तरी वरच्या टोकाला क्रँकवर सहा अंश जास्त ॲडव्हान्स पडतो. स्लोवर गाडी सुंदर चालते, किक सुरळीत बसते, आणि हमरस्त्यावर इंजिन आतून ठोकत राहतं. जुन्या बुलेटच्या बिग एंडला फ्लोटिंग बुश असतो, आणि ही सततची ठोक त्या बुशला मारक आहे. कॅम जखडला तर उलट घडतं. वेग वाढतो आणि ठिणगी जिथल्या तिथेच पडते. गाडीला पिकअप राहत नाही, ॲव्हरेज पडतो, इंजिन तापतं, एक्झॉस्टचा बेंड पाइप निळा पडतो. अशा वेळी मालक कार्ब्युरेटरच्या मागे लागतो, जेट बदलतो, पिस्टन-रिंगांची शंका घेतो. टायमिंगवर संशय येत नाही, कारण ते नुकतंच पुस्तकाप्रमाणे लावलेलं असतं. एकदा झाकण काढून कॅम बोटांनी फिरवून सोडला असता तरी कळलं असतं. चांगला कॅम हलकाच वळतो, अडथळ्याला टेकतो आणि सोडताच चटकन परत येतो. मधेच रेंगाळला किंवा अर्ध्यावर थांबला, की प्लेटला हात लावण्याआधी युनिट खोलून, रॉकेलने धुऊन, दोन थेंब तेल घालून मोकळं करावं लागतं.

टायमिंगच्याही आधी पॉइंटचा गॅप येतो, आणि हा क्रम उलटा करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. बॅटरी-कॉइलची ही व्यवस्था चार्ल्स केटरिंगने 1910च्या सुमारास मोटारींसाठी तयार केली, आणि बुलेटमधली मांडणी तत्त्वाने तीच आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून तीन-चार अँपिअर वाहत असतात आणि तिच्यात चुंबकक्षेत्र भरतं. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला उचलतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात. कंडेन्सर त्या क्षणी पॉइंटवर होऊ पाहणारी ठिणगी पोटात घेतो. तो बिघडला की पॉइंटवर निळसर ठिणगी लखलखते आणि एकावर टेंगूळ, दुसऱ्यावर खड्डा तयार होतो. म्हणजे पॉइंट कधी उघडतात हे टाच आणि कॅम यांच्या भेटीवर ठरतं, आणि गॅप बदलला की ती भेटही बदलते. गॅप वाढवला की पॉइंट आधी उघडतात, टायमिंग ॲडव्हान्स होतं. टाच झिजत जाते तसा गॅप आपोआप मिटत जातो आणि टायमिंग रिटार्ड होत जातं. म्हणून पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून, कॅमच्या सर्वांत उंच जागी 0.35 ते 0.40 मिलिमीटरचा फिलर हलक्या ओढीने जाईल असा गॅप आधी बांधायचा, आणि मगच टायमिंगकडे वळायचं. टायमिंग लावून झाल्यावर गॅप ‘जरा नीट’ केला, तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. पॉइंटवर खड्डा असेल तर फिलरही फसवतो. पत्ती टेंगळावर टेकते, आणि खड्ड्यातली खरी फट जास्तच असते.

पॉइंट नेमके केव्हा उघडले हे कळायला बुलेटमध्ये हेडलाइटच्या घरातच एक साधन बसवलेलं आहे: अँपिअरमीटर. चावी चालू ठेवून, प्लग काढून, गाडी मेन स्टँडवर घेऊन, टॉप गिअरात टाकून मागचं चाक हाताने सावकाश फिरवावं. पॉइंट मिटलेले असतात तोवर काटा डिस्चार्जच्या बाजूला झुकलेला असतो. ते उघडतात त्या क्षणी तो शून्यावर उडी घेतो. डिकॉम्प्रेसर दाबून किक जागेवर आणताना जुने बुलेटवाले याच काट्याकडे पाहत आले आहेत. टायमिंगसाठी काट्याची सुस्ती थोडी आड येते, म्हणून पॉइंटच्या टोकापासून अर्थला एक लहान बल्ब जोडावा. पॉइंट मिटलेले असताना तो विझलेला राहतो, उघडताच पेटतो. दोन पथ्यं इथे पाळावी लागतात. पहिलं, चाक नेहमी गाडीच्या पुढे जाण्याच्या दिशेनेच खुणेवर आणायचं. क्रँकपासून कॅमपर्यंत गिअरांची रांग आहे, आणि प्रत्येक जोडीत थोडा प्ले असतो. उलट फिरवून खुणेवर आणलं तर तो सगळा प्ले मापात शिरतो. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यावं. दुसरं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर आहे याची खात्री. टॅपेटचं झाकण काढून दोन्ही पुश रॉड बोटांनी फिरवून पाहावेत. दोन्ही मोकळे फिरले तर व्हॉल्व्ह बंद आहेत, स्ट्रोक बरोबर आहे. एखादा घट्ट असेल तर पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीत माथ्यावर आला आहे.

मग येतं मुख्य काम. जुन्या बुलेटवर स्ट्रोबसाठी सोयीची खूण सहसा नसते, पण पूर्ण ॲडव्हान्स तपासायला स्ट्रोब लागतोच असं नाही. कॅम त्याच्या फिरण्याच्या दिशेने अडथळ्यापर्यंत वळवायचा आणि लाकडाची लहानशी पाचर घालून तिथेच धरायचा. आता पॉइंटच्या दृष्टीने इंजिन हमरस्त्यावर धावत आहे. चाक फिरवत चकतीवर पूर्ण ॲडव्हान्सचा अंश आणायचा, प्लेटचे दोन बोल्ट सैल करून प्लेट इतकी फिरवायची की बल्ब नेमका तिथे पेटेल, आणि बोल्ट आवळून पुन्हा एकदा पडताळायचं. प्लेट कॅमच्या दिशेच्या उलट फिरवली की टायमिंग ॲडव्हान्स होतं, त्याच दिशेने फिरवली की रिटार्ड. पूर्ण ॲडव्हान्सचा अंश कुठून आणायचा? तो पुस्तकातल्या आकड्यातूनच मिळतो. नव्या, निर्दोष युनिटचा पल्ला मोजा, दुप्पट करा, आणि त्यात रिटार्डचे साडेनऊ अंश मिळवा. कारखान्याने तुमच्या गाडीला दिलेला पूर्ण ॲडव्हान्स तेवढाच. लुकास कंपनीच्या अनेक युनिटांच्या पत्र्यावर हा पल्ला अंशांत ठोकलेलाच असे. जुन्या चार-स्ट्रोक सिंगल इंजिनांत ही बेरीज साधारण 30 ते 40 अंशांच्या दरम्यान येते. फारच वेगळी आली तर बेरजेपेक्षा मापावर शंका घ्यावी.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. वरचं टोक बांधलं आणि पल्ला वाढलेला असेल, तर खालचं टोक खाली सरकेल, रिटार्ड होईल. उलट पल्ला कमी झालेला असेल तर खालचं टोक ॲडव्हान्स होईल, आणि किक उलटी बसून पाय दुखावेल. आक्षेप रास्त आहे. बुलेटची किक उलटी बसणं ही घोट्याला आणि नडगीला गंभीर इजा करणारी गोष्ट आहे, आणि पुस्तकाने रिटार्डचं टोक धरण्यामागे हे एक कारण नक्कीच असणार. पण म्हणूनच पाचर काढून खालच्या टोकाचंही माप घ्यायचं. दोन्ही टोकं आपापल्या आकड्याला दोन अंशांच्या आत जुळली तर काम झालं. जुळली नाहीत तर प्लेट फिरवून दोघांची तडजोड करू नये. दोष प्लेटच्या जागेत नाही, ऑटो ॲडव्हान्सच्या झिजेत आहे, आणि तिथेच तो दुरुस्त व्हायला हवा. फक्त खालचं टोक मापणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. दोन्ही टोकं मापली की टायमिंगच्या जोडीला युनिटची तपासणीही होते. पाचरीची मर्यादाही मान्य करायला हवी. वजनं अडथळ्यापर्यंत पोचू शकतात एवढंच ती सांगते. कोणत्या वेगाला पोचतात, हे स्प्रिंगांवर आहे, आणि ते फक्त स्ट्रोबच दाखवू शकतो.

दुसरा आक्षेप कानाचा. अनुभवी मिस्त्री गाडी चालू ठेवून प्लेट थोडी इकडे, थोडी तिकडे करतो, आवाज ऐकतो आणि बोल्ट आवळतो. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात. या अनुभवाबद्दल मला आदर आहे. तरीही स्लोवर कान ज्याची साक्ष देतो ती गोष्ट वेगळी आहे. स्लोवर थ्रॉटल मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये थोडंच मिश्रण येतं आणि ते सावकाश जळतं. अशा वेळी टायमिंग जितकं ॲडव्हान्स करावं तितके आरपीएम वाढतात आणि इंजिन ‘खुललं’ असं वाटतं. कान त्याला चांगलं म्हणतो, आणि वरचं टोक मर्यादेपलीकडे जातं. दुसरीकडे बुलेटचा शौकीन मालक संथ, सुटा, ठळक बीट मागतो. तो बीट काढायला टायमिंग रिटार्ड केलं जातं. त्याची किंमत हमरस्त्यावर तापलेल्या इंजिनात आणि लवकर जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये मोजावी लागते. म्हणजे एकच कान दोन उलट दिशांना ओढतो, आणि दोन्ही वेळा जिथे इंजिन काम करत नाही तिथलं ऐकून निर्णय देतो.

तिसरा आक्षेप असा की ही सगळी खटपट कशाला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं. यामाहा आरएक्स 100मध्ये सीडीआय होतं, आणि तिचं टायमिंग कुणाला फारसं हात लावून पाहावं लागलं नाही. हा मार्ग चांगलाच आहे. टाचेची झीज, पॉइंटवरचे खड्डे, कंडेन्सर हे प्रश्न त्याने संपतात. पण किटमध्ये फरक असतो. काही किट फक्त पॉइंटची जागा घेतात आणि खाली तीच वजनं, त्याच स्प्रिंगा ठेवतात. अशा गाडीत झिजलेला ऑटो ॲडव्हान्स तसाच राहतो, फक्त आता तो इलेक्ट्रॉनिक झाकणाआड लपतो. ॲडव्हान्सही विजेने देणारी किट हा दोष काढून टाकतात, मात्र पहिल्यांदा बसवताना त्यांनाही क्रँकची खरी जागा दाखवावीच लागते, आणि बहुतेकांच्या सूचना ती स्ट्रोबने, पूर्ण ॲडव्हान्सवर तपासायला सांगतात. पॉइंट गेले तरी कुठल्या टोकाला मापायचं हा प्रश्न उरतोच.

पेट्रोलचा मुद्दा राहिला. हे इंजिन घडलं तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. आपल्याकडे 1990च्या दशकात साधं पेट्रोल 87 ऑक्टेनचं असे, पुढे ते 91 झालं, 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसं मिसळलेलं पेट्रोल देशभर बंद झालं, आणि आता 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण 95 ऑक्टेनच्या घरात आहे. पेट्रोल ठोकायला आता जास्त प्रतिकार करतं, मग टायमिंग आणखी आगाऊ करून ताकद काढावी, असा सल्ला दिला जातो. तो चुकीच्या गृहीतावर उभा आहे. ठोक न होणं ही ॲडव्हान्सची वरची मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही. उद्दिष्ट आहे दाबाचं शिखर योग्य जागी आणणं, आणि ते प्रामुख्याने सिलिंडरच्या आकारावर, घुसळणीवर आणि मिश्रणाच्या प्रमाणावर ठरतं. जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन आजच्या मानाने बरंच कमी आहे, त्यामुळे त्या जागेच्या पलीकडे ॲडव्हान्स नेला तर आवाज न होताही ताकद कमीच होते. इथेनॉलचा खरा परिणाम मिश्रणावर होतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, पातळ मिश्रण तापतं आणि सावकाश जळतं. त्याचा इलाज जेट एक नंबर मोठा करून करावा. प्लेट फिरवून केला तर दोन दोष एकमेकांत गुंतून बसतात.

कानाला मी स्लोवर नाकारलं, पण त्याची एक हक्काची जागा आहे, आणि ती घाटात. गॅप, दोन्ही टोकं, युनिट हे सगळं मापून झाल्यावर, इंजिन नीट तापल्यावर, कात्रज किंवा कसाऱ्यासारख्या चढावर टॉप गिअरात, वेग थोडा कमी असताना थ्रॉटल सावकाश अर्ध्याहून जास्त उघडावा. इंजिनावर भार आहे, सिलिंडर भरतो आहे, ॲडव्हान्स बऱ्यापैकी आलेला आहे. ठोक यायची असेल तर ती इथेच येते: डब्यात खिळे हलवल्यासारखी बारीक, कोरडी खडखड. ती आली तर थ्रॉटल लगेच मिटवावा, खालचा गिअर घ्यावा, आणि घरी आल्यावर प्लेट कॅमच्या दिशेने कडेला पाव मिलिमीटर सरकवावी, म्हणजे क्रँकवर एक अंश. दोनदा सरकवूनही खडखड गेली नाही, तर कारण टायमिंगमध्ये नसून कार्बन साचलेल्या हेडमध्ये किंवा पातळ मिश्रणात शोधावं. आणि आवाज गेला, तर प्लेटच्या कडेवर आणि शेजारच्या घरावर टोकदार पोंचाने एक बारीक सलग रेघ ओढून ठेवावी. पुढच्या वेळी टाच झिजून गॅप मिटेल, पॉइंट बदलावे लागतील, प्लेट काढावी लागेल. तेव्हा नवा गॅप बांधून प्लेट त्या रेघेवर परत बसवली की पाचर, चकती आणि बल्ब फक्त पडताळणीपुरते लागतील.